सॉकेट चालतंय, पण बरोबर जोडलंय का?

पंखा फिरतो, मोबाइल चार्ज होतो, इस्त्री तापते, म्हणून सॉकेट ठीक आहे असं आपण धरून चालतो. पण फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झालेल्या सॉकेटवरही हे सगळं तितकंच छान चालतं. अर्थिंगची वायर मुळात जोडलेलीच नसली तरीही चालतं. अशी चूक वर्षानुवर्षं गप्प बसते, आणि कुणीतरी बटण बंद करून निर्धास्तपणे उपकरणाच्या आत हात घालतं तेव्हा उघडकीला येते.

टेस्टर पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. यातली निम्म्याहून जास्त कामं सॉकेट न उघडता करायची आहेत, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहेत.

आधी तीन वायरी ओळखा

फेज म्हणजे वीज घेऊन येणारी वायर. न्यूट्रल म्हणजे परतीची वायर. अर्थिंगच्या वायरीतून एरवी काहीच वाहत नाही. उपकरणाच्या धातूच्या अंगात चुकून फेज उतरली, तर तिला जमिनीकडे नेण्यासाठी ती राखून ठेवलेली असते.

इथे नव्या माणसाला एक शंका हमखास येते, आणि ती रास्त आहे. घरातली वीज एसी, सेकंदाला ५० आवर्तनं होतात, प्रवाह सारखा पुढे-मागे होत असतो. मग कुठली वायर कुठे याने काय बिघडतं? उत्तर दूर ट्रान्सफॉर्मरपाशी आहे. तिथे न्यूट्रल जमिनीला जोडलेली असते. त्यामुळे न्यूट्रलचा दाब (व्होल्टेज) जमिनीइतकाच, म्हणजे जवळपास शून्य राहतो, आणि झोके घेते ती एकटी फेज. २३० व्होल्ट म्हणतो ते फेज आणि न्यूट्रल यांच्यात मिळतातच, पण फेज आणि जमीन यांच्यातही तेवढेच मिळतात. जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस न्यूट्रलला आधीच जोडलेला असतो असं समजा. त्याने फक्त फेजला हात लावायचा अवकाश.

म्हणूनच स्विच, फ्यूज, एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) हे सगळं फेजच्या वाटेवर बसवतात. फेज तोडली की पुढचं सगळं खरोखर मृत होतं. स्विच न्यूट्रलवर बसला तर बटण बंद केल्यावर उपकरण थांबतं खरं, पण फेज त्याच्या आत शिरून वाट पाहत उभी असते. आट्याच्या होल्डरचा टेबल लॅम्प घ्या. त्यात बल्बच्या बुडाच्या टोकाला फेज आणि बाहेरच्या आट्यांना न्यूट्रल द्यायची असते, कारण बल्ब फिरवताना बोटं आट्यांना लागू शकतात. सॉकेटमध्ये उलट जोडणी असेल तर फेज नेमकी आट्यांवर येते. दिवा मात्र पूर्वीसारखाच लागतो.

सॉकेटचा चेहरा लक्षात ठेवा

भारतीय तीन पिनी सॉकेटकडे समोरून बघा. वरचं मोठं भोक अर्थिंगचं, खालचं उजवं फेजचं, खालचं डावं न्यूट्रलचं. ६ अँपिअरचं छोटं सॉकेट असो की १६ अँपिअरचं मोठं, क्रम हाच.

हे पाठ करण्याची मला सगळ्यात भरवशाची वाटलेली रीत म्हणजे घड्याळाची. अर्थिंगपासून निघा आणि काट्यांच्या दिशेने फिरा: अर्थिंग, फेज, न्यूट्रल. सॉकेट आडवं बसवलेलं असो नाहीतर उलटं, "उजवं-डावं" फसवतं, हा क्रम फसवत नाही. ब्रिटिश चौकोनी पिनांच्या सॉकेटला तो लागू पडतो आणि ऑस्ट्रेलियातल्या तिरप्या पिनांच्या सॉकेटलाही, जिथे अर्थिंग खाली आणि फेज डावीकडे असते. अमेरिकी सॉकेटमध्ये मात्र क्रम उलटा फिरतो. तिथे रुंद फट न्यूट्रलची आणि अरुंद फट फेजची. जर्मनीसारख्या देशांत वापरलं जाणारं गोल खोलगट सॉकेट तर प्लग दोन्ही बाजूंनी घेतं, म्हणजे तिथे फेज कुठल्या पिनेवर येईल हे ठरलेलंच नसतं. तिथल्या उपकरणांची रचना हे गृहीत धरूनच करावी लागते.

आता घोळ कुठे होतो ते सांगतो. वायरी सॉकेटच्या पाठीमागे जोडायच्या असतात. सॉकेट उलटं हातात घेतलं की उजवं ते डावं होतं. समोरून उजवीकडे असलेली फेज मागून बघताना डावीकडे येते. "फेज उजवीकडे" एवढंच डोक्यात ठेवून मागच्या उजव्या स्क्रूत वायर घालणारे कितीतरी असतात, आणि अदलाबदलीचं मला दिसलेलं सर्वात नेहमीचं कारण हेच. त्यामुळे मागच्या बाजूला उजवं-डावं आठवायचंच नाही. तिथे स्क्रूपाशी कोरलेली अक्षरं वाचा: 'एल' म्हणजे फेज, 'एन' म्हणजे न्यूट्रल, आणि आडव्या रेघांचं झाडूसारखं चिन्ह म्हणजे अर्थिंग. अक्षरं पुसट असतील तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, उठाव दिसतो.

अर्थ पिन जाड आणि लांब का, याचंही कारण बघून ठेवा. लांब असल्यामुळे प्लग घालताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते, म्हणजे फेज लागलेली असताना अर्थिंग नाही असा क्षणच येत नाही. जाड असल्यामुळे ती चुकूनही फेजच्या भोकात शिरत नाही. खालची भोकं झाकणारी झडप आत असेल तर तीही याच पिनेने उघडते.

रंग: विश्वास ठेवा, पण तपासून

जुन्या भारतीय वायरिंगमध्ये फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी. उपकरणांच्या लवचीक केबलमध्ये आंतरराष्ट्रीय पद्धत असते: फेज तपकिरी, न्यूट्रल निळी, अर्थिंग हिरवी-पिवळी पट्ट्यांची. आता गंमत नाही, धोका बघा. भिंतीतून आलेली निळी वायर तीन फेजांपैकी एक असू शकते, आणि प्लगच्या केबलमधली निळी न्यूट्रल असते. काळी वायर आपल्याकडे न्यूट्रल, तर अमेरिकेत तीच फेज आणि न्यूट्रल पांढरी. ब्रिटनमध्ये घरातल्या वायरिंगचे रंग २००४ साली लाल-काळ्यावरून तपकिरी-निळ्यावर आले, त्यामुळे तिथल्या जुन्या घरात दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी सापडू शकतात.

शिवाय वायर कमी पडली म्हणून हाताला लागला तो रंग वापरलेला असणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. रंगावरून अंदाज बांधा, निर्णय टेस्टर आणि मीटरवर घ्या. एका रंगाबाबत मात्र कधीच तडजोड करू नका: हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर फेजसाठी वापरायची नाही. तुमच्यानंतर बोर्ड उघडणारा माणूस तिला अर्थिंग समजूनच हात लावणार आहे.

न उघडता तपासणी: आधी टेस्टर

टेस्टरमध्ये एक छोटा निऑन दिवा आणि खूप मोठा रोधक असतो. टोक फेजला लागलं आणि तुमचं बोट मागच्या टोपीला टेकलं, की मिलिअँपिअरच्याही खालचा प्रवाह तुमच्या अंगातून जमिनीकडे जातो आणि दिवा लागतो. म्हणजे या मोजमापात तुम्ही स्वतः एक भाग आहात. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलात तर दिवा मंद लागेल किंवा लागणारच नाही, आणि फेज तिथे असूनही "नाही" असं उत्तर मिळेल. भर उन्हात तो दिसतही नाही. टेस्टर लागला तर वीज बहुधा आहे. नाही लागला म्हणून वीज नाही असं कधी समजू नका. टेस्टरचं प्लॅस्टिक चिरलेलं असेल तर तो फेकून द्या.

प्लग काढून सॉकेट रिकामं करा आणि स्विच चालू करा. उजव्या भोकात दिवा लागायला हवा, डाव्यात नाही, वरच्यात नाही. मग स्विच बंद करा. आता तिन्ही भोकं अंधारी हवीत.

स्विच चालू असताना डावं भोक उजळतं आणि बंद केल्यावर विझतं, तर स्विच फेजवरच आहे, फक्त सॉकेटच्या दोन स्क्रूंत अदलाबदल झाली आहे. ही सोपी दुरुस्ती. स्विच बंद करूनही कुठलंही भोक उजळत राहिलं, तर स्विच न्यूट्रल तोडतोय, म्हणजे चूक बोर्डात किंवा त्याच्याही मागे आहे, आणि त्याच बोर्डावरची बाकीची बटणंही संशयित ठरतात. इथे वायरमनला बोलवा. दोन्ही खालची भोकं उजळतात असंही दिसेल: मागे कुठेतरी न्यूट्रल तुटली आहे आणि त्याच लाइनवर चालू ठेवलेल्या एखाद्या उपकरणातून फेज फिरून न्यूट्रलच्या वायरीत आली आहे. दिवे लागत नाहीत म्हणून वीज गेली असं समजून अशा वेळी न्यूट्रलला हात लावणं फार महागात पडतं.

आणि वरच्या, अर्थिंगच्या भोकात दिवा लागला तर पुढचं काही वाचत बसू नका. मेन स्विच बंद करा. त्या लाइनवरच्या प्रत्येक धातूच्या उपकरणाच्या अंगात फेज उतरलेली असू शकते.

मग मल्टिमीटर

मीटर एसी व्होल्टवर, ६०० किंवा ७५० च्या पल्ल्यावर ठेवा. लाल दांडीची वायर व्होल्टच्या खाचेत आहे ना, हे दोनदा बघा. ती १० अँपिअरच्या खाचेत राहिली असेल तर तुम्ही सॉकेटमध्ये थेट शॉर्ट सर्किट कराल.

फेज ते न्यूट्रल सुमारे २३० व्होल्ट. फेज ते अर्थिंगही जवळपास तेवढेच. न्यूट्रल ते अर्थिंग शून्य किंवा एक-दोन व्होल्ट. हे तीन आकडे आले तर बहुतेक सगळं ठीक. फेजच्या भोकापासून अर्थिंगपर्यंत शून्य आणि न्यूट्रलच्या भोकापासून २३० आले, तर अदलाबदल. फेज-न्यूट्रल बरोबर, पण अर्थिंगशी मोजलेले आकडे अधांतरी, कधी ४०, कधी ९०, असे हलत असतील तर अर्थिंग जोडलेलंच नाही. मीटर जवळच्या वायरींतून झिरपलेला नुसता भास दाखवतंय. फेज-न्यूट्रल शून्य आणि फेज-अर्थिंग २३० आले, तर न्यूट्रल तुटली आहे.

अर्थिंग नसल्याची खूण पुष्कळांनी अंगावर अनुभवलेलीही असते. कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या पाठीला हात लावला की झिणझिण्या येतात. अशा उपकरणाच्या पुरवठ्यात विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या अंगाकडे छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे ते अंग पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टवर तरंगत राहतं. त्यातून वाहणारा प्रवाह अगदी किरकोळ असतो. पण "असं होतंच" म्हणून सोडून देऊ नका, कारण उद्या त्याच डब्यात खरी फेज उतरली तर तिला जमिनीकडे जायला वाट नाही, हेच त्या झिणझिण्या सांगत असतात.

एक बनाव मात्र मीटरलाही फसवतो, आणि तो मला सगळ्यात जास्त भीतिदायक वाटतो. अर्थिंगची वायर आलेली नसताना काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थिंगच्या स्क्रूंमध्ये वायरीचा तुकडा टाकतात. न्यूट्रल कुठेही सुटली की उपकरणाचं अंग फेजवर येतं. त्यातच फेज-न्यूट्रलची अदलाबदल असेल, तर अंग पहिल्या क्षणापासून फेजवर असतं. आणि मीटरचे आकडे? २३०, २३०, शून्य. अगदी बरोबर! तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टरही "ठीक" म्हणतो, कारण तोही अर्थिंगचं भोक खरं धरूनच तुलना करतो. अदलाबदल झालेली असेल तर ही चूक पकडतो तो साधा निऑन टेस्टर, कारण तो सॉकेटमधल्या अर्थिंगशी तुलना करत नाही, तुमच्या पायाखालच्या जमिनीशी करतो. म्हणून दोन्ही वापरायचे, आणि टेस्टर आधी.

झडपा असलेल्या सॉकेटमध्ये मीटरच्या दांड्या जात नाहीत. अर्थिंगच्या भोकात दुसरा स्क्रू ड्रायव्हर खुपसून झडप उघडायची सवय लावून घेऊ नका. ते भोक खरंच अर्थिंगचं आहे की नाही, हेच तर तपासायचं आहे. झडपा नसलेला, आधी तपासलेला एक्स्टेन्शन बोर्ड लावा आणि त्यावर मोजा.

एक्स्टेन्शन आणि प्लग

तो बोर्ड तपासणं हे शिकायला सर्वात चांगलं काम, कारण तेव्हा तो भिंतीला जोडलेलाच नसतो. मीटर सलगता तपासण्याच्या, म्हणजे बीपच्या खुणेवर ठेवा. बोर्डाचं बटण चालू करा. प्लगच्या अर्थ पिनेपासून बोर्डाच्या वरच्या भोकापर्यंत बीप, फेज पिनेपासून उजव्या भोकापर्यंत बीप, उरलेल्या पिनेपासून डाव्यापर्यंत बीप, आणि बाकी कुठल्याही जोडीत शांतता. बटण बंद केल्यावर फेजची बीप थांबली पाहिजे. न्यूट्रलची थांबली तर बटण चुकीच्या वायरीवर आहे. घरी बांधलेल्या बोर्डांत हे फार सापडतं.

प्लगवरची फेज पिन कशी ओळखायची? प्लग उघडून पिना तुमच्यापासून दूर, भिंतीकडे करून धरा. आता क्रम सॉकेटच्या समोरच्या बाजूसारखाच दिसतो: वर अर्थिंग, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. पिना स्वतःकडे वळवल्या की आरशातल्यासारखं उलटं. प्लगमध्ये अर्थिंगची वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेलीच तर ती शेवटी सुटेल. केबलची पकड बाहेरच्या जाड आवरणावर बसली पाहिजे, आतल्या वायरींवर नाही.

दोन पिनांच्या प्लगचं काय? ते बहुधा कसेही उलटसुलट घालता येतात, म्हणून त्यांची उपकरणं दुहेरी इन्सुलेशनची असावी लागतात. चौकोनात चौकोन असं चिन्ह त्यावर शोधा. धातूच्या अंगाचं तीन पिनी उपकरण अर्थ पिन मोडून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून वापरणं म्हणजे त्याचं एकमेव संरक्षण काढून टाकणं.

सॉकेट उघडायचं ठरवलंत तर

भिंतीतलं सॉकेट बदलणं हे परवानाधारक वायरमनचं काम. तरी तो काय करतो आणि काय करायला हवं हे माहीत असू द्या, म्हणजे शेजारी उभं राहून बघता येईल.

त्या लाइनचा एमसीबी बंद करायचा, शक्यतो मेनही. कुणी पुन्हा चालू करू नये म्हणून तिथे चिठ्ठी लावायची किंवा माणूस उभा करायचा. घरात इन्व्हर्टर किंवा सोलर असेल तर नुसता मेन बंद करून भागत नाही. त्यांची लाइन मेन गेल्यावर आपोआप जिवंत होऊ शकते. तेही स्वतंत्रपणे बंद करा. मग मीटर आधी एखाद्या चालू सॉकेटवर लावून ते दाखवतं याची खात्री, मग बंद केलेल्या सॉकेटवर तिन्ही जोड्यांत मोजणी, आणि मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या वेळात मीटरच बंद पडलं असेल तर शेवटच्या मोजणीत कळतं.

सॉकेट सोडवण्याआधी फोटो काढा, पण जुनी जोडणी बरोबर होती असं मानून तिची नक्कल करू नका. ६ अँपिअरच्या सॉकेटला सहसा दीड चौरस मिलिमीटरची वायर असते, १६ ला अडीच किंवा चार. दीडच्या वायरीवर १६ चं सॉकेट बसवलं तर ३ किलोवॉटचा गीझर सुमारे १३ अँपिअर त्यातून ओढेल आणि भिंतीच्या आत वायर तापत राहील.

वायरीचं टोक ८ ते १० मिलिमीटर सोलायचं, तारा एकही न तोडता घट्ट पिळायच्या, भोक मोठं असेल तर दुमडून जाड करायच्या. स्क्रू उघड्या तांब्यावर बसला पाहिजे. इन्सुलेशन आत दबलं तर पकड वरवरची राहते, आणि तांबं बाहेर राहिलं तर शेजारच्या वायरीला टेकू शकतं. क्रम असा ठेवा: अर्थिंग आधी, मग न्यूट्रल, शेवटी स्विचकडून आलेली फेज. प्रत्येक वायर ओढून बघा. एक तारही मोकळी लोंबत असेल तर पुन्हा सुरुवातीपासून करा.

एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही उत्तम साधनं आहेत, पण अदलाबदल त्यांना दिसत नाही. एमसीबी वायरीला जास्त प्रवाहापासून वाचवतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांतला फरक बघतो; फरक ३० मिलिअँपिअरचा झाला की ०.३ सेकंदाच्या आत तोडतो. फेज डावीकडे असो की उजवीकडे, दोन्ही प्रवाह सारखेच, त्यामुळे तो शांतच राहतो. त्याच्यावरचं चाचणीचं बटण मधूनमधून दाबत जा.

प्लेट बसवून झाली की वीज चालू करा आणि टेस्टरची सगळी फेरी पुन्हा घ्या, स्विच चालू आणि स्विच बंद अशी दोन्हीकडे, त्यानंतर मीटरचे तीन आकडे. ते जुळले की त्या सॉकेटला झेपेल असं तापणारं उपकरण १५ ते २० मिनिटं चालवा, बंद करून प्लग काढा आणि पिनांच्या मुळाशी प्लॅस्टिकला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल, तर सॉकेटमागचा एखादा स्क्रू सैल राहिलाय किंवा आतल्या पट्ट्यांची पकड गेली आहे. एमसीबी बंद करा आणि पुन्हा उघडा.